दादांचा ठेका

बॉनेट वर केलं आणि आधी दिसला तो नेलपॉलिशचा ठिपका. लालभडक, नटाच्या पैलूवरून खालच्या पितळेवर ओघळलेला. मग दुसरा दिसला, तिसरा, चौथा. आमच्या गाडीला जुळे कार्बुरेटर; प्रत्येकाला हवेचा एक स्क्रू आणि पेट्रोलचा एक नट; अशा चार जागा, आणि चारी जागी लाल. रविवारची सकाळ होती, क्लबच्या शेडचं शटर पूर्ण वर होतं, दारातून आलेलं ऊन थेट इंजिनावर पडलं होतं, त्यामुळे लपण्यासारखं काही नव्हतं. "सील केलं, वहिनी," माझ्या मागून दंतवैद्य म्हणाला. हा आमच्या क्लबचा सेक्रेटरी. दात तपासताना बोलत असेल तसाच एरवीही बोलतो, म्हणजे समोरच्याचं तोंड उघडं आहे आणि त्याला उत्तर देता येणार नाही हे गृहीत धरून. "बायकोची बाटली आणली घरून. आता कुणाचा चुकून जरी पाना लागला ना, तरी ठिपका तडकेल, लगेच कळेल. दादांनी शेवटचं जे लावून ठेवलंय ते आता तसंच राहणार. कायम." नखांत काळं भरलेलं असतं म्हणून मी आयुष्यात कधी नेलपॉलिश लावलं नाही, आणि आता दुसऱ्याच्या बायकोचं नेलपॉलिश माझ्या नटांवर. माझ्या, असंच मनात आलं. ते मी तिथल्या तिथे गिळलं, कारण गिळायची सवय जुनी आहे.

दादा म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन आठ महिने झाले. आज त्याच्या नावाने क्लबची घाटातली फेरी होती. अकरा गाड्या, सगळ्या विलायती, सगळ्या दोन सीटच्या आणि उघड्या टपाच्या, एकीचंही वय पन्नासच्या आत नाही. सगळ्यांत पुढे आमची, गडद हिरवी. चालवणार दंतवैद्य. शेजारी मी. माझ्या मांडीवर दादांचा फोटो, चौकटीसकट. हे सगळं ठरलेलं होतं आणि मला फोनवर कळवलेलं होतं. विचारलं नव्हतं, कळवलं होतं. "तुम्हाला काहीच करायचं नाही, वहिनी, नुसतं बसायचं," असं दंतवैद्य प्रेमाने म्हणाला होता, आणि प्रेमानेच म्हणाला होता, त्यात खोट नाही. म्हणूनच जास्त राग आला. या क्लबात एक्केचाळीस वर्षं मी नुसती बसलेली आहे. सुरुवातीला कुणाच्या तरी तोंडून वहिनी निघालं आणि मग मी सगळ्यांचीच वहिनी झाले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे म्हातारेही मला वहिनी म्हणतात आणि जिची आई माझ्या वयाची आहे ती नर्सही वहिनीच म्हणते. सीटची कव्हरं वहिनींना विचारा. टप कुठे उसवलाय, वहिनी बघतील. चहा झाला का, वहिनी? टप शिवणं काही सोपं काम नाही, जाड कापडाची शिवण सरळ गेली नाही तर पावसाचं पाणी बरोब्बर मांडीवर पडतं, पण ते बाईने केलं म्हणून त्याला कुणी काम म्हटलं नाही. काम म्हणजे बॉनेटखालचं. तिथे पुरुष वाकणार. पार्श्वभाग शेडच्या दाराकडे करून आठ जण एका इंजिनावर वाकलेले असले की मागून बघणाऱ्याला त्यांत दंतवैद्य कुठला आणि कापडाचा व्यापारी कुठला ते ओळखू येत नाही.

तरी ही माणसं मला आवडतात. या गाड्यांना साधे पाने लागत नाहीत, जुन्या इंची मापाचेच लागतात, म्हणून प्रत्येकाने आपापले पाने जिवापाड जपलेले. घराची किल्ली शेजाऱ्याकडे देतील पण अर्ध्या इंचाचा पाना देणार नाहीत. प्रत्येक गाडीखाली तेल गळायला एक पत्र्याचा ट्रे, आणि कुणाच्या ट्रेमध्ये कमी तेल सांडलं यावर भांडणं. दिवे मनात आलं तर लागतात. वायपर उन्हात चालतात. या सगळ्याला कंटाळून माणसाने चांगली नवी गाडी घ्यावी, तर ती प्रत्येकाने घेतलेलीच आहे, ती घराखाली उभी असते आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. मला हा येडेपणा कळतो. जी वस्तू रोज आपल्याशिवाय बंद पडते तिच्यापाशी आपल्याला किंमत असते. घरात नसते एवढी.

"ऐका," दंतवैद्य म्हणाला आणि माझ्या धाकट्या दिराने चावी फिरवली. इंजिन लागलं. धड धड धब्ब, धड धड धब्ब. अकरा जणांच्या चेहऱ्यावर एकदम मऊ काहीतरी आलं. आणि सगळ्यांनी मान डावीकडे कलती केली. अगदी एकाच वेळी, एकाच बाजूला. "हाच," कुणीतरी म्हणालं, "हाच दादांचा ठेका." मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात घातलं. दिराने माझ्याकडे बघितलं, त्याला वाटलं मला भरून आलं, आणि त्याने चटकन इंजिन बंद केलं. तसं पाहिलं तर भरूनही आलं होतं, पण आधी हसू आलं होतं, आणि हे दोन्ही एकाच घशातून येतं याला मी काय करू?

ती कलती मान. माझ्या नवऱ्याच्या उजव्या कानाला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. सात वर्षांचा असताना कान फुटला आणि मग गेलाच. कुणाला कळू नये म्हणून त्याने आयुष्यभर जी काय कसरत केली ती मी एकटीने बघितली. जेवायला बसताना कुठल्या खुर्चीवर बसायचं, रस्त्यात माझ्या कुठल्या बाजूने चालायचं, पाहुण्यांना कुठे बसवायचं. लग्नाआधी त्याने मला हे सांगितलं तेव्हा इतका घामाघूम झाला होता की मला वाटलं आता खुनाचा गुन्हा कबूल करतोय. इंजिनावर वाकला की तो डावा कान पुढे करायचा, निदान बोलणाऱ्याचं तरी ऐकू यावं म्हणून, आणि त्यामुळे मान तशी वळायची. लोकांना वाटलं हा इंजिन ऐकतोय. काय तन्मयता! काय कान! पुढेपुढे क्लबात त्याचं नावच 'कान' पडलं, वय वाढल्यावर त्याचं 'दादा' झालं. नव्या सभासदांना जुने सभासद सांगायचे, दादांना नळी लागत नाही, मीटर लागत नाही, नुसती मान वाकडी करतात आणि कुठला कार्बुरेटर किती ओढतोय ते सांगतात. आणि तो खरंच सांगायचा, अचूक सांगायचा, कारण शनिवारी सकाळी मी त्याला सगळं सांगून ठेवलेलं असायचं.

नळी मात्र लागते. ती आमच्या पान्यांच्या पेटीत तळाशी असते, काळ्या रबराची, हातभर लांब, दोन्ही टोकं कापून कापून झिजलेली. क्लबातल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी बघितली आहे आणि प्रत्येकाला वाटतं ती पेट्रोल काढायची नळी आहे. मला ती म्हाताऱ्या मिस्त्रीने दिली. गाडी घेतली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये माझा नवरा त्याच्याशी गप्पा मारत बसायचा आणि मी एका उलट्या डब्यावर बसून कंटाळायची. एक दिवस मिस्त्रीने हाक मारली. "ओ बाई, इकडे या जरा. माझे कान गेलेत आता. हे टोक कानाला लावा, हे दुसरं इथे, या तोंडापाशी. काय ऐकू येतं?" मी म्हटलं, सूं आवाज येतोय. "आता त्या दुसऱ्यापाशी." मी म्हटलं, इथेही सूं. मिस्त्री वैतागला. "सूं तर दोन्हीकडे येणारच! सूं ऐकू नका. दोन्हींत फरक काय ते ऐका." मी परत लावली. पहिला, दुसरा. पहिला, दुसरा. आणि एकदम ऐकू आलं. पुढचा थोडा जाड होता आणि मागचा थोडा बारीक, एकाच घरातल्या दोन बहिणी एकच वाक्य बोलाव्यात तसा. मी सांगितलं. त्याने स्क्रू केसभर फिरवला. "आता?" आता दोघी एक झाल्या. इंजिन खाली गप्प, निवांत फिरायला लागलं, बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप हलेना. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी आजवर कुणाला सांगू शकलेले नाही. माझ्या आईने शिकवलं नव्हतं, शाळेने शिकवलं नव्हतं, नवऱ्याने दिलं नव्हतं असं काहीतरी माझ्या कानात आधीपासून होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मिस्त्रीने नळी माझ्या हातातून परत घेतली नाही. पुढे दीड वर्ष मी त्याच्याकडे शिकले. नटाला सहा पैलू, एका वेळी एकच पैलू फिरवायचा. प्लग काढून बघायचे, भाजलेल्या पावासारखे तांबूस हवेत, काळे पडले तर पेट्रोल जास्त जातंय. आणि हवा बदलली, उंची बदलली, ऋतू पालटला, की सगळं परत. "हे काम संपत नाही बाई," मिस्त्री म्हणायचा, "म्हणून तर मी अजून जिवंत आहे."

मग पहिला मेळावा. कुणीतरी आमचं इंजिन ऐकून विचारलं, कुणी लावलं हो हे? माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा होता, आणि मीही मजेत होते, मी डोळ्यांनीच म्हटलं, सांग की. आणि तो म्हणाला, "मीच, अजून कोण?" आम्ही दोघं घरी येईपर्यंत हसत होतो. काय फजिती केली! मला तो खेळ आवडला, हे मला आज कबूल केलं पाहिजे. शनिवारी सकाळी सगळी आळी उठायच्या आत मी नळी लावून इंजिन जुळवायची, गाडी मीच रस्त्यावर काढून बघायची, हा शेजारी बसून पिशवीतले पेरू खायचा, आणि रविवारी तो मान वाकडी करून शेखी मिरवायचा आणि मी कोपऱ्यात टपाची शिवण घालत त्याच्याकडे बघायची. आमच्यात एक गुपित होतं. किती संसारांत तेवढंही नसतं. पण गंमत कधी संपली ते मला कळलं नाही. कुठल्या वर्षी? दहाव्या? विसाव्या? एका रविवारी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. प्रश्न आला, कुणी लावलं, आणि तो म्हणाला, मी लावलं, आणि पुढचं बोलत राहिला. खोटंही बोलत नव्हता तो. त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

त्याचं शेवटचं आजारपण लांबलं. लोक भेटायला यायचे. दंतवैद्यही आला होता, खुर्ची पलंगाच्या चुकीच्या बाजूला घेऊन बसला होता, आणि हा उशीवरून मान वळवून वळवून सांगत होता, मी असं करायचो, मी तसं करायचो, नट असा फिरवायचा. सगळं चूक. उलट्या बाजूला सांगत होता. दंतवैद्य वहीत लिहून घेत होता! तो गेल्यावर मी चहाचे कप उचलले आणि माझ्या तोंडून निघालं, "एकदा तरी फिरवलास का रे तो नट? एक्केचाळीस वर्षांत एकदा तरी?" ठणठणीत माणसाशी भांडावं तशी भांडले. त्याने डावा कान माझ्याकडे केला. ऐकू आलं होतं, नीट ऐकू आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी औषधं आणायला गेले आणि परत आले तर पलंग रिकामा. खाली गाडीचं इंजिन चालू होतं. धावत गेले तर हा गाडीपाशी स्टुलावर बसलेला, अंगावर घरचेच कपडे, हात कोपरापर्यंत काळे, कपाळाला ग्रीस, धापा टाकतोय, आणि एक तळवा चाकाच्या पत्र्यावर पालथा ठेवलेला. धड धड धब्ब. "ऐक," तो म्हणाला. "मी लावलं. हाताला कळतंय बघ मला. आधी कधी कळायचंच नाही, तू लावलंस की नुसतं गप्प. आता कळतंय. कसं झालंय?" वाईट झालं होतं. पुढचा कार्बुरेटर बोंबलत होता, पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरत होते. त्याचा डावा कानही तोवर निम्मा गेला होता. त्याने इंजिन बिघडवत बिघडवत तिथवर आणलं होतं जिथे ते त्याच्या तळहाताला ऐकू यावं. मी म्हटलं, "छान झालंय." त्याने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "खरंच?" "खरंच." एकोणीस दिवसांनी तो गेला.

आणि मी ते तसंच ठेवलं. आठ महिने. दिराने गाडी अधूनमधून चालू करून ठेवली, मला वरच्या खिडकीत तो आवाज ऐकू यायचा, दाताखाली खडा यावा तसं व्हायचं, पण मी जिना उतरून गेले नाही. शुक्रवारी फेरीआधीच्या तपासणीसाठी गाडी शेडमध्ये नेली तेव्हाही नाही. तेव्हा दंतवैद्याच्या नावाने बोटं मोडायचा मला काय अधिकार? त्याने नेलपॉलिश लावलं, मी न लावता तेच केलं होतं. फरक एवढाच की मला माहीत होतं ते चूक आहे आणि त्याला माहीत नव्हतं. यात जास्त शहाणं कोण, ते शेडमध्ये उभ्या उभ्या मला ठरवता येईना. एक मन म्हणत होतं, काय बिघडतं? माणूस गेला, एक चूक मागे राहिली, राहू दे. त्याच्या हाताचं तेवढंच तर आहे त्या गाडीत. बाकी सगळं तुझंच आहे, बयो. बस मांडीवर फोटो घेऊन, एक दिवसाचा प्रश्न आहे.

"वहिनी, जरा बघता का?" नर्स शेजारी येऊन उभी होती. वर्षापूर्वी तिने एकटीने, कुणालाही न विचारता, एक गंजलेली लाल गाडी विकत घेतली आणि रात्रपाळ्या करून उरलेल्या वेळात उभी केली. क्लबातली ती एकटी बाई, म्हणजे मी सोडून, आणि मी तर वहिनी. तिने मूठ उघडली. हातात चार प्लग, चारीच्या चारी काजळीने काळेकुट्ट. "काल घाटाच्या तिसऱ्या वळणावर बंद पडली हो. मागून ट्रक येत होता. कशीबशी कडेला ढकलली. सगळं तर बरोबर लावलंय, डॉक्टरांनी मागच्या महिन्यात फोनवर पाठवला होता ना, दादांच्या गाडीचा आवाज, त्यावरून अगदी तसाच ठेका येईपर्यंत दोन्ही नट फिरवत गेले. बाकीच्यांनीही तसंच लावलंय. माझंच काहीतरी चुकत असणार." मी तिच्याकडे बघितलं, मग बाहेर उभ्या गाड्यांकडे. "सगळ्यांनी?" मी विचारलं. "जवळजवळ सगळ्यांनी. दादांच्या आठवणीत." तेवढ्यात बाहेर कुणीतरी गाडी चालू केली. धड धड धब्ब. दुसऱ्याने केली. धड धड धब्ब. तिसऱ्याने. बाकीची जवळजवळ सगळी धडधाकट इंजिनं या शहाण्यांनी मन लावून, रविवार खर्ची घालून, एका बहिऱ्या माणसाच्या तळहातासाठी बिघडवली होती, आणि आता ती घेऊन घाट चढणार होते. मला वाटलं होतं चूक आमच्या घरातली आहे. ती आमच्या घरातली राहिलेली नव्हती.

मी पेटी उघडली. पाने बाजूला केले आणि तळातून नळी काढली. "पेट्रोल काढायचंय का, वहिनी? मी काढतो," दंतवैद्य लगबगीने पुढे आला. मी डाव्या हाताने हवेच्या स्क्रूवरचा ठिपका अंगठ्याच्या नखाने खरवडायला घेतला. "अहो, अहो वहिनी! काय करताय? ही दादांची शेवटची खूण आहे."

"हो ना. म्हणून मी पुसतेय. दुसऱ्या कुणी हात लावला असता तर तोडला असता."

"पण तुम्ही... म्हणजे हे फार नाजूक काम आहे. दादांसारखा कान..."

"डॉक्टर, बाजूला व्हा. उजेड अडवताय."

तो खरंच बाजूला झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला उत्तर दिलं होतं, आणि त्याला बहुतेक त्याचा धक्का ठिपक्यापेक्षा जास्त बसला. मी दिराला म्हटलं, चालू कर. त्याने केलं. शेडमध्ये सगळे जमा झाले. बाहेरच्या गाड्या बंद करून आले. आठ पुरुष वाकलेले नव्हते, सरळ उभे होते, वाकलेली मी होते. नळीचं एक टोक कानात घातलं. रबराचा तोच वास. आठ महिने मी या आवाजाला भीत होते. दुसरं टोक आधी मागच्या कार्बुरेटरपाशी नेलं, का कोण जाणे, एरवी सवयीने पुढचा आधी घेते. आणि माझा हात थांबला. मागचा माझा होता. बारीक, स्वच्छ, एकसारखा सूं, जसा मी शेवटचा लावला होता तसाच, केसाचाही फरक नाही. त्याने त्याला हातच लावला नव्हता. अंगात त्राण एकाचंच होतं म्हणून? की माझं म्हणून सोडलं? विचारायला तो नाही आणि असता तरी काहीतरी चेष्टेचं बोलून उडवून लावलं असतं. मग नळी पुढच्यावर नेली आणि तिथे तो होता. दणदणीत, बेसूर, घसा फोडून बोलणारा, ज्याला आपलाच आवाज ऐकू येत नाही असा माणूस बोलतो तसा. मी बराच वेळ ते ऐकलं. लोकांना वाटलं असेल बाईला काही सुचत नाहीये. मला सगळं सुचत होतं. "चुकलं होतं रे तुझं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. "छान नव्हतं झालं. मी उगाच छान म्हटलं. चुकलं होतं."

मग स्क्रू फिरवला. अर्धा आटा. नळी मागे, नळी पुढे, मागे, पुढे. पुढचा खाली यायला लागला. मग नटावरचा ठिपका तडकला, लाल टवका उडून ट्रेमधल्या तेलात पडला. नट एक पैलू वर. थांबले, इंजिनाला जरा वेळ दिला. आणखी एक पैलू. दोन पैलू आणि अर्धा आटा, एवढीच त्याची एक्केचाळीस वर्षांतली करामत. परत नळी. पहिली बहीण, दुसरी बहीण. एक झाल्या. धब्ब गेलं. धड धडही गेलं. इंजिन शेडच्या मधोमध इतकं गुपचूप फिरायला लागलं की दिराला वाटलं बंद पडलं आणि त्याने चावीकडे हात नेला. "राहू दे," मी म्हटलं. मी चाकाच्या पत्र्यावर तळवा पालथा ठेवला. काही कळलं नाही हाताला. काहीच नाही. तो म्हणाला होता तसंच, नुसतं गप्प. तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

"ठेका गेला," कुणीतरी पुटपुटलं.

"ठेका नव्हता तो, खराबी होती," मी म्हणाले. "आणि ती तुम्ही सगळ्यांनी आपापल्या गाडीत भरून घेतलीय. प्लग काढा आणि बघा. या पोरीची तिसऱ्या वळणावर बंद पडली, तुमची पाचव्यावर पडेल." कापडाच्या व्यापाऱ्याने खरंच जाऊन प्लग काढला आणि काळं बोट घेऊन परत आला. शेवटी दिराने तोंड उघडलं. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, माझ्या लग्नात अर्ध्या चड्डीत होता. "वहिनी, म्हणजे इतकी वर्षं तू...?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"आणि दादाला माहीत होतं?"

"त्याला सोडून कुणालाच माहीत नव्हतं," मी म्हणाले, आणि आधी नर्स हसली, मग मी, मग दीर हसता हसता रडायला लागला. दंतवैद्य हसला नाही. तो हातातली ती लाल बाटली उलटसुलट करत उभा होता, एखादा चुकीचा दात काढल्यासारखा चेहरा करून. मला त्याची दया आली, पण सगळी मी दाखवली नाही. "आता परत लावू का?" त्याने विचारलं. "म्हणजे तुमचं सेटिंग म्हणून? टिकून राहील."

"टिकवायचं नसतं ते. घाट चढून वर गेलो की हवा बदलते, परत फिरवावं लागेल. बाटली बायकोला परत द्या." नळी मी नर्सच्या हातात दिली. "हे टोक कानाला लाव. सूं ऐकू नकोस. फरक ऐक." ती तिच्या लाल गाडीकडे गेली, आणि मी बघितलं तर दोघं-तिघं मुकाट्याने तिच्या मागे रांगेत उभे राहिले होते. रांगेत, आपापल्या पाळीची वाट बघत.

फेरी तासभर उशिरा निघाली. अकरा इंजिनं जुळवायला वेळ लागतो, आणि मी कुणाचं घाईने केलं नाही. हात धुतले, पुसले, आणि हिरव्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसले. कुणी अडवलं नाही. दंतवैद्य दोन क्षण बाहेर घुटमळला, मग शेजारच्या सीटवर येऊन बसला, आणि फोटोची चौकट कुठे ठेवावी ते न कळून शेवटी त्याने ती स्वतःच्या मांडीवर घेतली. दोन्ही हातांनी धरली, नीट, काचेला बोटं न लावता. मी चावी फिरवली. इंजिन लागलं की नाही याची खात्री करायला त्याने सवयीने मान डावीकडे कलती केली, डोळे अर्धवट मिटले आणि ऐकायला लागला. मांडीवरच्या फोटोतही मान तशीच होती. सांगावं का? एक वाक्याचं काम होतं. इतकं सांगून झालं होतं, त्यात आणखी एक. पण ते माझं नव्हतं, त्याचं होतं, लग्नाआधी घामाघूम होऊन त्याने एकट्या मला सांगितलेलं. माझं मी घेतलं होतं. त्याचं त्याच्याकडे राहू दे.

"मान सरळ ठेवा, डॉक्टर," मी म्हणाले. "घाट लांब आहे, अवघडेल." आणि क्लच सोडला.